सापाची भीती आणि सापाचा धोका: पावसाळ्याआधी घर, शेत आणि मन कसं तयार करायचं

सापाची भीती घरभर पसरते. अंगणात, मोरीत, अंथरुणात, कुठेही साप असेल असं वाटत राहतं. धोका मात्र असा सगळीकडे नसतो. तो ठराविक जागी असतो, ठराविक वेळी असतो आणि चारच जातींच्या सापांकडून प्रामुख्याने असतो. त्या जागा आणि वेळा ओळखून तिथे नेमकं काम केलं, तर उरलेल्या ठिकाणी निर्धास्त वावरता येतं. ज्याने हे काम केलं नाही तो सगळीकडे घाबरतो, आणि जिथे खरंच जपायला हवं तिथे बेसावध सापडतो.

धोका लहान नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी 58,000. यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले आहेत आणि बहुतेक खेड्यांतले. गेलेल्यांत साधारण चौथा हिस्सा पंधरा वर्षांखालच्या मुलांचा आहे. यातले पुष्कळ मृत्यू टळण्यासारखे असतात. माणूस दवाखान्यात उशिरा पोचतो, आणि तो उशीर बऱ्याचदा घाबरगुंडीत किंवा मांत्रिकाच्या दारात झालेला असतो.

कोणाला घाबरायचं

महाराष्ट्रात माणसाच्या जिवावर उठू शकतील असे साप प्रामुख्याने चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. चौघांच्या सवयी वेगळ्या, म्हणून काळजीही वेगळी घ्यावी लागते.

नाग सगळ्यांना माहीत आहे. तो उंदरांच्या मागे गोठ्यात, कणगीजवळ, अडगळीत येतो. बहुतेक वेळा आधी फणा काढून इशारा देतो आणि वाट मिळाली की निघून जातो.

घोणस जाड अंगाची. पाठीवर लंबगोल, गडद काठाच्या ठिपक्यांच्या तीन ओळी, डोकं त्रिकोणी. डिवचली की कुकरची शिट्टी दबून वाजावी तसा मोठा फुत्कार टाकते. तिची धोकादायक सवय अशी, की पायाची चाहूल लागली तरी ती हलत नाही. वाळलेल्या पाल्यात, धसकटात, बांधावर जागच्या जागी पडून राहते आणि पाय पडला की चावते. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला तिला पिल्लं होतात. वीतभर पिल्लालाही विष असतं, त्यामुळे ‘लहान आहे, काही होत नाही’ असं समजू नका.

फुरसं जेमतेम फूट-दीड फूट. कोकणातले जांभ्याचे सडे, दगडांचे ढीग, गडगे आणि घाटावरची कोरडी माळरानं ही त्याची जागा. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर असा आवाज करतं. लहान दिसतं म्हणून लोक हाताने दगड उचलतात, आणि दंश बोटाला होतो.

मण्यार सर्वांत फसवी. निळसर काळ्या अंगावर बारीक पांढरे पट्टे, बहुधा जोडीजोडीने, आणि मानेकडे ते पुसट होत जातात. दिवसा ती मंद असते, रात्री बाहेर पडते आणि घरात शिरते. जमिनीवर झोपलेला माणूस कूस बदलतो, ती दबते आणि चावते. दंश इतका बारीक, की मुंगी किंवा डास चावल्यासारखं वाटतं. सूज नाही, आग नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे तीन-चारला पोटात जोरात दुखायला लागतं, उलटी होते, घरचे ओवा-सोडा देतात. उजाडेपर्यंत पापण्या मिटायला लागतात आणि थुंकी गिळता येत नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अचानक पोटदुखी आणि पापण्या जड होणं, हे मण्यारीचा दंश समजूनच दवाखान्यात न्या. खूण शोधत बसू नका.

मण्यारीच्या नावाखाली सर्वाधिक मारला जातो तो बिनविषारी कवड्या. त्याचे पट्टे मानेपासूनच ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात, म्हणजे मण्यारीच्या बरोबर उलट. धामण, दिवड, तस्कर, नानेटी, गवत्या, मांडूळ हे बिनविषारी. डुरक्या घोणसही बिनविषारी, फक्त अंगावरच्या डागांमुळे घोणशीसारखा दिसतो. हरणटोळ सौम्य विषारी आहे, माणसाला त्याचा धोका नाही. घाटातल्या आणि कोकणातल्या झाडीत चापडा असतो. त्याच्या दंशाने सूज आणि वेदना भरपूर होते, जीव सहसा जात नाही.

ही ओळख डोळ्यांत भरावी म्हणून वाचा, पण दंश झाल्यावर तिच्यावर विसंबू नका. अंधारात, घाईत, अर्धी शेपटी बघून केलेली ओळख चुकते. दंश झाला की साप विषारीच होता असं धरून चालायचं.

घर: एका दिवसाचं काम

मे महिन्यात एक सुट्टीचा दिवस काढा. साप घरात येतो तो उंदीर, बेडूक, पाली आणि कोरडा आडोसा यांसाठी. त्याच्या वाटा आणि त्याचं खाणं, दोन्ही तोडायचं.

आधी फटी. रात्री घरात दिवा लावून ठेवा आणि बाहेरून दारं बघा. खालून उजेडाची रेघ दिसते तिथून पिल्लू आत येऊ शकतं. बोट शिरेल एवढी फट त्याला पुरते. दाराच्या खालच्या कडेला रबरी पट्टी ठोका, ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून खिळ्यांनी ठोकली तरी काम होतं. मोरीच्या आणि सांडपाण्याच्या तोंडाला बारीक जाळी बसवा, भोकं 6 मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत. भिंतीतली बिळं आणि जोत्यातल्या भेगा सिमेंटने बुजवा. मातीच्या भिंतीत नुसती माती थापली तर उंदीर ती पुन्हा उकरतात, म्हणून आत काचेचे तुकडे किंवा खडी भरून वरून लिंपा.

मग ढीग. सरपण, गोवऱ्या, विटा, कौलं, जुने पत्रे घराच्या भिंतीला टेकून रचण्याची आपली सवय आहे, आणि सर्वांत मोठी चूक तीच आहे. हे ढीग भिंतीपासून निदान दहा-पंधरा फूट लांब न्या आणि जमिनीपासून फूटभर उंच माचावर रचा, म्हणजे खाली मोकळं राहतं आणि बॅटरी मारून बघता येतं. जागाच नसेल, तर रोज लागेल तेवढं सरपण दुपारीच काढून ठेवा. संध्याकाळी अंधारात गोवऱ्यांच्या ढिगात हात घालणं हे बायकांना होणाऱ्या दंशाचं नेहमीचं कारण आहे. हा धोका घरातल्या पुरुषांच्या लक्षातही येत नाही, कारण ते काम त्यांच्याकडे नसतं.

धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा. कोंबड्यांचं खुराडं झोपायच्या खोलीला लागून नको, कारण अंड्यांसाठी नाग येतो. छपराला टेकलेल्या फांद्या छाटा. दारापुढचं गवत घोट्याच्या वर वाढू देऊ नका.

आता जे करू नये ते. फिनाईल, रॉकेल, कार्बोलिक ॲसिड, गंधक, लसूण यांचं रिंगण घालून साप अडतो याला भरवसा ठेवण्यासारखा आधार नाही. दारात लावायच्या ‘साप पळवणाऱ्या’ झाडांचंही तेच. यात पैसे जातात ते एकवेळ चालेल, पण खोटी निश्चिंती येते आणि फटी तशाच राहतात.

झोप

एकच गोष्ट करता येण्यासारखी असेल तर ही करा: मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली नीट खोचा. लोंबती ठेवलेली मच्छरदाणी सापाला अडवत नाही. खोचताना चारी कोपरे हाताने दाबून बघा आणि आत शिरण्याआधी अंथरूण-पांघरूण झटका. खाट असेल तर उत्तम, पण पांघरूण जमिनीला टेकायला नको आणि खाटेखाली पोती, भांडी, चपला नकोत. खाट नसेल तर जमिनीवरही मच्छरदाणी लागते: चटईवर गादी, गादीखाली खोचलेल्या कडा. ऊसतोडीच्या कोप्यांत, वीटभट्टीवर, शेतातल्या खोपीत झोपणाऱ्यांना हा उपाय सर्वांत जास्त लागतो आणि सर्वांत कमी मिळतो. मजूर आणणाऱ्याने कोयत्यामागे, म्हणजे ऊस तोडणाऱ्या प्रत्येक जोडीमागे, एक मच्छरदाणी दिली तर जीव वाचतील.

उशाशी बॅटरी ठेवा, हात लांब केला की सापडेल अशी. रात्री उठताना आधी उजेड, मग पाय खाली. चपला पायात घालण्याआधी उलट्या करून आपटा. बूट असेल तर आत काठी घालून बघा, बोटं घालू नका.

शेत

पायाला दंश होतो तो बहुतेक घोट्याच्या आसपास. म्हणून गमबूट. भातखाचरातल्या चिखलात ते रुततात ही तक्रार खरी आहे, तिथे ते जमत नाहीत. पण बांधावरून ये-जा, गवत कापणं, रात्री पाणी धरणं, सोयाबीनची काढणी या सगळ्याला गमबूट चालतात, आणि धोका मुख्यतः तिथेच असतो. गमबूट नसेल तर घोट्यावर येणारा बूट आणि वर जाड कापडाची ढगळ पँट. ढगळ अशासाठी, की दात कापडात अडकतात आणि कातडीपर्यंत पोचायला अंतर राहतं.

चालताना काठी जमिनीवर आपटत चला. सापाला हवेतला आवाज फारसा कळत नाही, जमिनीची थरथर कळते. धामण किंवा नाग असेल तर सरकून जातो. घोणस जात नाही, हे विसरू नका. म्हणून गवतात काठी नुसती आपटून भागत नाही. तिने पुढचं गवत बाजूला सारायचं आणि मोकळी जमीन दिसली की पाऊल टाकायचं.

पेंढी उचलण्याची रीत बदला. कापून दोन-तीन दिवस पडलेली सोयाबीनची किंवा भाताची पेंढी, कडब्याची गंजी, खाली अंथरलेली ताडपत्री यांच्या खालची जागा दमट आणि अंधारी असते, शिवाय उंदीर असतात. पेंढीखाली थेट बोटं सारून ती छातीशी कवटाळू नका. आधी लांब दांड्याच्या आकडीने पेंढी आपल्या दिशेला उलटवा, म्हणजे तिच्या आडोशाला असलेला साप पलीकडे, मोकळ्या बाजूला राहतो. खालची जागा दिसली की मग हात लावा. ताडपत्रीही अशीच: पलीकडची कड काठीने उचला, आपल्या पायाजवळची नाही.

रात्रीच्या पाळीला वीज असली की पाणी धरायला जावंच लागतं. ‘रात्री जाऊ नका’ हा सल्ला शेतकऱ्याच्या उपयोगाचा नाही. दिवसा पुरेशी वीज मिळणं हाच यावरचा खरा उपाय आहे, आणि ती मागणी सापाच्या दंशाशीही जोडून मांडायला हवी. तोवर कपाळाला बांधायची बॅटरी घ्या. मोबाईलच्या उजेडात चार पावलांपलीकडचं नीट दिसत नाही आणि एक हात अडकतो. दोघं मिळून जा, किंवा घरी सांगून जा की किती वाजता परत येणार. दांड उघडताना दगड-माती हाताने नाही, फावड्यानेच सारा.

मे महिन्यातच करायचे फोन

भीती कमी करण्यात या तयारीचा वाटा सर्वांत मोठा आहे, आणि सर्वांत कमी लोक ती करतात. ‘चावला तर काय’ याचं उत्तर आधी तयार असलं की निम्मी घालमेल जाते.

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन चार प्रश्न विचारा. सापाच्या विषावरचं इंजेक्शन, म्हणजे प्रतिविष, सध्या शिल्लक आहे का आणि किती? रात्री डॉक्टर मुक्कामी असतात का? श्वास बंद पडला तर व्हेंटिलेटर असलेला सर्वांत जवळचा दवाखाना कोणता? डायलिसिस कुठे होतं? व्हेंटिलेटरची गरज नाग-मण्यारीच्या दंशात पडते, डायलिसिसची घोणशीच्या. उत्तरं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या मागे चिकटवा. त्याच कागदावर 108 रुग्णवाहिका, वनविभागाची मदतवाहिनी 1926, जवळचे सर्पमित्र, आणि रात्री दोन वाजता गाडी काढतील अशा दोन शेजाऱ्यांचे नंबर. शेजाऱ्यांना आधी विचारून ठेवा.

मग एकदा रंगीत तालीम करा, रात्रीच. घरातला एक जण ‘चावला’ म्हणतो आणि घड्याळ लावायचं. बॅटरी कुठे आहे, गाडीची किल्ली कुठे, पेट्रोल आहे का, म्हाताऱ्या माणसाजवळ कोण थांबणार, पैसे आणि आधार कार्ड कोण घेणार? पाच मिनिटांच्या आत गाडी फाटकाबाहेर पडली पाहिजे. पहिल्या तालमीत सहसा पडत नाही. बहुधा किल्ली सापडत नाही, किंवा सगळे एकाच वेळी फोन लावतात आणि रुग्णाजवळ कोणीच नसतं. कोणी काय करायचं हे ठरवून तालीम पुन्हा करा. लहान मुलांनाही एक काम द्या, गेट उघडण्याचं किंवा बॅटरी धरण्याचं. काम असलेलं मूल कमी घाबरतं.

घरात साप दिसला तर

जागेवर थांबा. साप आपल्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्या अंतरापर्यंत झेप घेतो, म्हणून सहा-सात फुटांवर तुम्ही सुरक्षित आहात. तिथून हळू मागे सरका. मुलं आणि कुत्रं बाहेर काढा. एकाने लांबून सापावर नजर ठेवायची आणि जागा सोडायची नाही. साप दिसेनासा झाला की पुढचे आठ दिवस घरात झोप लागत नाही, म्हणून हे काम महत्त्वाचं. आतली दारं बंद करून फटीत ओला टॉवेल खोचा. बाहेर जाणारं दार उघडं असेल तर ते मोकळं सोडा, सापाची वाट अडवू नका. बऱ्याचदा तो स्वतःच निघून जातो.

काठी घेऊन मारायला धावू नका. मारायला गेल्यावरच दंश झाल्याचे प्रकार नेहमी घडतात, शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप मारणं गुन्हा आहे. मेलेल्या सापाचं किंवा तुटलेलं डोकंही काही वेळ चावू शकतं. सर्पमित्राला बोलवाल तेव्हा हुक, पिशवी आणि नळी घेऊन येणारा, पकडून लगेच लांब सोडणारा माणूस बोलवा. साप गळ्यात घालून फोटो काढणाऱ्याला आणि गर्दी जमवणाऱ्याला घरात घेऊ नका. त्याच्यामुळे मुलांना चुकीचा धीटपणा लागतो.

चावला तर

1. सापापासून दूर व्हा आणि वेळ बघा. दंशाची वेळ डॉक्टरला हवी असते.

2. रुग्णाला बसवा किंवा आडवं करा. चालायचं नाही, धावायचं नाही. त्याच्याशी बोलत राहा: पुष्कळ साप बिनविषारी असतात, विषारी सापही काही वेळा विष न सोडता चावतो, आणि विष सोडलं असलं तरी त्यावर औषध आहे. हे खोटं सांत्वन नाही, तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

3. अंगठी, बांगड्या, पैंजण, जोडवी, घड्याळ काढा. सूज चढल्यावर ते निघत नाहीत आणि बोट काळं पडतं.

4. हात किंवा पाय मोडल्यावर बांधतो तसा फळीला, काठीला किंवा जाड गुंडाळलेल्या वर्तमानपत्राला ढिलं बांधून स्थिर करा. बांधलेल्या कापडाखाली बोट सहज गेलं पाहिजे.

5. 108 लावा. रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर जी गाडी मिळेल ती घ्या. मोटारसायकल असेल तर रुग्ण मध्ये आणि मागून धरणारा तिसरा माणूस. निघताना आरोग्य केंद्राला फोन करा: ‘सर्पदंश आहे, इतक्या वेळात पोचतो.’

6. वाटेत लक्ष ठेवा. पेनाने सुजेच्या कडेवर रेघ मारा आणि वेळ लिहा, दर पंधरा मिनिटांनी नवी रेघ. रुग्णाला वर बघायला सांगा, पापण्या खाली येतात का पाहा. एका श्वासात आकडे मोजायला लावा. आधी तीस आणि नंतर पंधराच येत असतील, तर श्वासाचे स्नायू थकत चालले आहेत. हे पोचताच सांगा. हिरड्यांतून रक्त, लघवी लाल, हेही सांगा.

7. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर वळवा. श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहा.

या सातव्या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं. नाग-मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडतात. माणूस डोळे उघडत नाही, हलत नाही, पुढे श्वासही घेत नाही. मेल्यासारखाच दिसतो, पण हृदय चालू असतं आणि बऱ्याचदा त्याला सगळं ऐकू येत असतं. कृत्रिम श्वासावर ठेवलेली अशी माणसं काही दिवसांनी उठून घरी गेली आहेत. म्हणून ‘गेला’ म्हणून गाडी मागे वळवू नका, आणि त्याच्या डोक्याशी रडारड करू नका.

जे करायचं नाही त्यात पहिलं म्हणजे आवळून दोरी बांधणं. फुरसं आणि घोणस यांचं विष मांसपेशी नासवतं. दोरीने ते एका जागी कोंडलं की हात-पाय गमवायची वेळ येते. आणि दोरी एकदम सोडली तर कोंडलेलं विष एकदम अंगभर जातं. कोणी आधीच करकचून बांधली असेल तर ती दवाखान्यात, डॉक्टरसमोरच सोडवा. ब्लेडने चीर देणं, तोंडाने विष ओढणं, बर्फ, चुना, हळद, करंटचा झटका यातलं काहीही नको. चीर दिली आणि घोणशीच्या विषाने रक्त गोठणं बंद झालेलं असेल, तर त्याच जखमेतून रक्त थांबत नाही. दुखतं म्हणून ॲस्पिरिन किंवा डायक्लोफेनॅकही देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो. दारू नको.

कडुलिंबाचा पाला किंवा मिरची चावायला देऊन ‘कडू लागतं का, तिखट लागतं का’ बघण्याची रीत अजून चालते. विष चढलेल्या माणसालाही चव लागते. या परीक्षेवर विसंबून रुग्ण घरी ठेवला जातो, तो जीव जाण्याचा सरळ रस्ता आहे. मांत्रिकाचंही तसंच. त्याच्याकडे ‘बरी’ झालेली माणसं बिनविषारी सापाची किंवा विष न सोडलेल्या दंशाची असतात. घरातलं मोठं माणूस मंत्रावर अडून बसलं तर वाद घालू नका, गाडी चालू ठेवा. मंत्र गाडीतही म्हणता येतो.

साप शोधण्यात किंवा मारून नेण्यात वेळ घालवू नका. लांबून मोबाईलवर फोटो मिळाला तर ठीक. उपचार लक्षणांवरून होतात, आणि आपल्याकडचं प्रतिविष चारही सापांवर चालणारं एकच असतं.

दवाखान्यात काय होतं

हे आधी माहीत असलं की तिथली घालमेल कमी होते आणि डॉक्टरशी भांडण होत नाही.

रक्त गोठतं का हे बघायला दोन-तीन मिलिलिटर ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. मग नळी तिरपी करतात. रक्त पातळच असेल तर विष चढलं आहे. या वीस मिनिटांत नातेवाईक ‘काहीच करत नाहीत’ म्हणून चिडतात. खरं तर सर्वांत महत्त्वाची तपासणी तेव्हाच चालू असते. पहिल्यांदा रक्त गोठलं तरी ती पुन्हा पुन्हा करतात.

विषाची लक्षणं नसतील तर प्रतिविष देत नाहीत, आणि ते बरोबर आहे. ते घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्यामुळे काहींना त्याची तीव्र ॲलर्जी येते. अशा वेळी चोवीस तास निरीक्षणाखाली ठेवतात. ‘काही होत नाहीये’ म्हणून मधेच घरी आणू नका, मण्यारीची लक्षणं तासांनी उमटतात. लक्षणं असतील तर सुरुवातीला साधारण 10 बाटल्या सलाईनमधून, तासाभरात देतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मुलाला कमी विष सोडत नाही. अंगाला खाज, गांधी, थंडी, उलटी सुरू झाली तर लगेच सांगा. सलाईन थांबवून ॲड्रेनालिन देतात आणि सावरल्यावर पुन्हा सुरू करतात. ‘रिॲक्शन आली, आता नको’ असं नातेवाईकांनी म्हणू नये.

मोठ्या दवाखान्यात हलवायला सांगितलं, तर निघण्याआधी पहिला डोस सुरू झाला आहे का ते नम्रपणे विचारा. प्राथमिक केंद्रात औषध असताना ते न घेता दोन तासांचा प्रवास करणं धोक्याचं आहे.

मनातली भीती

वरचं सगळं करूनही काहींना सापाचा फोटोसुद्धा बघवत नाही. गवतात दोरी दिसली तरी पाय लटपटतात, शेतात जाणं बंद होतं. ही भीती धाक दाखवून किंवा थट्टा करून जात नाही. रबरी साप अंगावर टाकणारे मित्र ती वाढवतात. ती जाते ती पायरीपायरीने.

भीतीला शून्य ते दहा गुण द्या. यादी करा: सापाचं चित्र, रंगीत फोटो, हलता व्हिडिओ, काचेमागचा जिवंत साप दहा फुटांवरून, मग तीन फुटांवरून, शेवटी आपल्या बांधावरून काठी घेऊन फेरी. तीन-चार गुणांच्या पायरीपासून सुरुवात करा. समोर बसा आणि भीती निम्म्यावर येईपर्यंत उठू नका, साधारण वीस ते चाळीस मिनिटं लागतात. श्वास चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. भीती शिगेला असताना उठून गेलात, तर ‘पळालो म्हणून वाचलो’ हेच मन शिकतं आणि पुढची खेप अवघड होते. इथे बहुतेकांची गाडी अडते. तीच पायरी दोन-तीन दिवस करा, सुरुवातीचे गुणच कमी यायला लागले की पुढे जा. काचेमागच्या पायरीसाठी पुण्यात कात्रजचं सर्पोद्यान चांगलं आहे. वर्दळीच्या रविवारी जाऊ नका, शांतपणे उभं राहायला जागा मिळत नाही.

साप हातात घेणं ही यादीतली पायरी नाही. तो धीटपणा कुणालाच नको आहे. झोप उडाली असेल, छातीत धडधड रोजची झाली असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा.

घरी आल्यावर

प्रतिविष घेतलेल्या माणसाला आठवडा-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ येऊ शकतं. ते विष पुन्हा चढल्याचं लक्षण नाही, औषधाला शरीराने दिलेली उशिराची प्रतिक्रिया आहे आणि गोळ्यांनी बरी होते. पण दवाखान्यात दाखवायलाच हवं. घोणशीच्या दंशानंतर लघवी कमी होणं, पाय सुजणं यावर लक्ष ठेवा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा किडनीची तपासणी करा. दंशाची जागा काळी पडत असेल तर घरगुती लेप लावू नका.

शेतकरी कुटुंबात कुणी दगावलं, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाच्या मृत्यूसाठी 2 लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा. त्यासाठी पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, आणि दुःखात नेमकं तेच राहून जातं. शेजाऱ्यांपैकी एकाने तेवढी जबाबदारी घ्यावी.

बरा झालेला माणूस बऱ्याचदा शेताकडे फिरकत नाही. त्याला लगेच एकट्याला पाठवू नका, आणि महिनोनमहिने घरीही बसवू नका. जखम भरली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, की सकाळी दहाच्या उन्हात, गमबूट घालून, सोबतीला एक जण घेऊन त्याच बांधावर अर्धा तास जा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चार-पाच दिवसांनी सोबतीने हाकेच्या अंतरावर थांबायचं, आणि मग काम सुरू.